शिबिरातला कागद पुढे कुठे जातो?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गणेशोत्सव तोंडावर आला आहे. पुण्यात मंडळांच्या मांडवांत, सोसायट्यांच्या सभागृहांत आणि चौकाचौकांतल्या फलकांवर आता मोफत आरोग्य तपासणी शिबिरांच्या घोषणा दिसू लागतील. दुसऱ्या दिवशी बातमी येईल, 'इतक्या हजार नागरिकांनी लाभ घेतला.' मी ३१ वर्षं याच शहरात पॅथॉलॉजी लॅबमध्ये तंत्रज्ञ म्हणून काम केलं. अशा शिबिरांत टेबल मांडून बसले, शेकडो बोटांना टोचून साखर तपासली. म्हणून आयोजकांना कळकळीनं विचारते: ज्यांच्या तपासणीत दोष निघाला, त्यांचं सहा महिन्यांनी काय झालं हे तुमच्यापैकी कोणी सांगू शकेल का?

मला सांगता आलं नसतं. आमच्याकडे पोळ्या करायला येणाऱ्या ताई पर्वती पायथ्याला राहतात. दोन वर्षांपूर्वी मीच आग्रह करून त्यांना एका शिबिराला पाठवलं. रक्तदाब निघाला १७८/१०६. तिथल्या मुलानं कागदावर आकडा लिहिला, खाली 'डॉक्टरांचा सल्ला घ्यावा' असा शिक्का मारला आणि पुढच्या नंबरला हाक मारली. ताईंना त्रास काहीच नव्हता. डोकं दुखत नाही, चक्कर येत नाही, मग चार घरची कामं बुडवून दवाखान्यात कशाला जायचं? मीही पुन्हा विचारलं नाही, याची टोचणी आजही आहे. सात महिन्यांनी आमच्याच ओट्याशी त्यांच्या हातातलं लाटणं निसटलं. उचलायला वाकल्या तर डाव्या हाताची बोटं वळेनात. पक्षाघाताचा झटका होता. पुढे त्यांच्या मुलीनं रेशनकार्ड आणि लाइट बिलांची प्लॅस्टिकची पिशवी माझ्यापुढे उपडी केली, त्यात तो कागद निघाला. चार घड्या घातलेला, शिक्क्याची शाई अजून निळीशार. आजार वेळेत सापडलेला होता, फक्त पुढे कोणी काही केलं नव्हतं.

जागतिक आरोग्य संघटनेसाठी विल्सन आणि युंगनर यांनी १९६८ मध्ये सामूहिक तपासणीचे दहा निकष लिहिले. निदान झालेल्यांसाठी उपचाराची सोय हवी, हा त्यातलाच एक. आणि दहावा निकष असा, की रुग्ण शोधण्याचं काम सतत चालू राहायला हवं, एकदा उरकून टाकायचा कार्यक्रम नसावा. हे सांगून पन्नासहून अधिक वर्षं झाली.

याचा पुरावा शोधायला परदेशी जायची गरज नाही. उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव जिल्ह्यात ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ ग्रामीण स्त्रियांवर गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या तपासणीचा मोठा अभ्यास झाला. बार्शीचं कॅन्सर रुग्णालय, मुंबईचं टाटा मेमोरियल आणि फ्रान्समधली आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्था यांचं ते काम. निष्कर्ष २००९ मध्ये प्रसिद्ध झाले. ज्या गटात आयुष्यात एकदाच एचपीव्ही, म्हणजे हा कर्करोग घडवणाऱ्या विषाणूची चाचणी झाली, तिथे आठ वर्षांत या कर्करोगानं ३४ मृत्यू झाले. तपासणी न झालेल्या गटात ६४. एका चाचणीनं हा फरक पडला असं कोणी म्हणेल, पण चाचणीत दोष निघालेल्या बायकांना दुर्बिणीतून तपासणं, बायोप्सी आणि उपचार ही सगळी साखळी आधीच बांधलेली होती. चाचणी त्या साखळीची पहिली कडी होती.

त्याच अभ्यासात, सौम्य ॲसेटिक ॲसिड लावून नुसत्या डोळ्यांनी गर्भाशयमुख पाहण्याची स्वस्त पद्धतही वापरली होती. ती एकदाच केल्यानं मृत्यूंत लक्षणीय घट दिसली नाही. मुंबईच्या वस्त्यांत मात्र हीच पद्धत प्रशिक्षित आरोग्यसेविकांनी दर दोन वर्षांनी, अशा चार फेऱ्यांत वापरली, तेव्हा मृत्यू ३१ टक्क्यांनी कमी झाले. मला यात सर्वांत महत्त्वाचं वाटतं ते आरोग्यसेविकांचं त्याच दारात परत परत जाणं. एवढं सगळं आपल्या राज्यात सिद्ध झालं, एचपीव्हीची देशी लस आपल्या पुण्यात तयार होते, आणि तरीही पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या ३० ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकी जेमतेम १.९ टक्के जणींची ही तपासणी कधी तरी झालेली होती.

दुसरीकडे, परवडतं त्यांच्यासाठी ६०-७० चाचण्यांची पॅकेजेस. घरी येऊन रक्त नेतात, संध्याकाळी मोबाईलवर रिपोर्ट. याबद्दल लॅबमधली एक गोष्ट सांगायलाच हवी. रिपोर्टवर जी 'नॉर्मल' मर्यादा छापलेली असते, ती बहुतेक चाचण्यांत निरोगी माणसांपैकी मधल्या ९५ टक्क्यांची असते. म्हणजे धडधाकट शंभर जणांतले पाच त्या मर्यादेबाहेर जाणारच. एकमेकींशी संबंध नसलेल्या २० चाचण्या केल्या, तर पूर्ण निरोगी माणसाचाही निदान एक आकडा ठळक अक्षरांत छापून येण्याची शक्यता ६४ टक्के. ठळक आकडा पाहून पांढरे पडलेले चेहरे मी काउंटरवर रोज पाहिले. माझ्या वहिनींच्या पॅकेजमध्ये सीए-१२५ ही चाचणी होती, बीजांडकोशाच्या कर्करोगाचा संशय असला की करतात ती. ती गर्भाशयातल्या साध्या गाठींनीही वाढते आणि वहिनींना त्या गाठी होत्याच. पण रिपोर्ट आला आणि घरात तीन महिने कोणाला धड झोप नाही. दोन सोनोग्राफी, एक एमआरआय, आणि शेवटी 'काही नाही'.

दक्षिण कोरियात हेच देशभर घडलं. तपासणीला आलेल्यांची गळ्याची सोनोग्राफी थोड्या जादा पैशांत होऊ लागली. २०११ मध्ये थायरॉइडच्या कर्करोगाचं निदान १९९३ च्या पंधरापट झालं. त्या कर्करोगानं होणारे मृत्यू मात्र होते तेवढेच राहिले. हजारो लोकांची ग्रंथी काढली गेली, त्यांना जन्मभराची गोळी लागली. त्यातल्या अनेकांच्या गाठी त्यांना कधीच त्रास देणार नव्हत्या. सरसकट आरोग्य तपासणीवरच्या १७ अभ्यासांचा, अडीच लाखांहून अधिक लोकांचा आढावा वैद्यकीय संशोधनाची छाननी करणाऱ्या कोक्रेन या संस्थेनं २०१९ मध्ये घेतला. त्यातही एकूण मृत्यूंवर फारसा परिणाम दिसला नाही. अर्थात हे अभ्यास श्रीमंत देशांतले. तिथे घरोघर फॅमिली डॉक्टर असतो आणि तो रक्तदाब एरवीही मोजतो. पर्वती पायथ्याला तसं नाही, म्हणून शिबिरं बंद करा असं मी म्हणणार नाही.

मंडळांना माझी विनंती वेगळी आहे. चाचण्या कमी करा. तिशीपुढच्यांचा रक्तदाब, साखर आणि तंबाखू खाणाऱ्यांचं तोंड टॉर्च लावून तपासणं, एवढं पुरे. तोंड तपासण्याचं मोल केरळात सिद्ध झालं आहे: तंबाखू किंवा दारूचं व्यसन असलेल्यांत तोंडाच्या कर्करोगाचे मृत्यू त्यानं ३४ टक्क्यांनी घटले. रक्तदाब एकदा जास्त निघाला म्हणजे आजार झालाच असं नाही, तो आणखी एखाद्या दिवशी पुन्हा मोजावा लागतो. तेव्हा शिबिराआधी जवळच्या महापालिका दवाखान्यातल्या डॉक्टरांना भेटा, दोष निघालेल्यांना कोणत्या वारी, कोणत्या खिडकीवर पाठवायचं ते ठरवा. आणि ज्यांना पाठवलं ते पोचले का, हे पंधरा दिवसांनी फोन करून विचारा. देखाव्यासाठी महिनाभर रात्री जागणाऱ्या कार्यकर्त्यांना चाळीस फोन जड नाहीत.

आपल्या वार्ताहरांनाही विनंती, की 'किती जणांनी लाभ घेतला' याच्या जोडीला 'किती जण उपचारापर्यंत पोचले' हेही आयोजकांना विचारावं. बातमीत तो आकडा यायला लागला, की मंडळं तो ठेवायला लागतील.

ताई आता रोज गोळी घेतात. गेल्या सोमवारी आमच्याकडच्या यंत्रावर १३४/८४ भरला. डावा हात अजून पूर्ण उघडत नाही, पोळ्या मुलगी लाटते आणि ताई शेजारी बसून भाजी निवडतात. आमच्या गल्लीतल्या मंडळाच्या मुलांना मी एक दोनशेपानी वही आखून दिली आहे: नाव, मोबाईल, आकडा, पंधरा दिवसांनी, तीन महिन्यांनी, वर्षानं. पहिल्या पानावर ताईंनी त्यांचंच नाव घालायला सांगितलं.

आपली,
एक निवृत्त लॅब तंत्रज्ञ,
सहकारनगर, पुणे