मिरजेच्या चाचांना, मनापासून

आदरणीय चाचा,
सप्रेम नमस्कार.

कार्यक्रमाला आठवडा उलटून गेला. लिहायला बसलं की डोळे भरून येतात, म्हणून उशीर झाला.

आम्ही कुठल्या अवस्थेत तुमच्या दारात आलो होतो, ते तेव्हा सांगितलंच नाही. यंदाच्या पालक मेळाव्यात डीजे आणि जेवणावळ नको, मुलांच्या लक्षात राहील असं काहीतरी करू, हा हट्ट माझाच. ज्यांना काम दिलं त्यांनी आगाऊ रक्कम घेतली आणि आठ दिवस उरले असताना फोन उचलणं बंद केलं. पालकांच्या ग्रुपवर मदत मागितली तर अंगठे ढीगभर आले, माणूस एकही आला नाही. 'तरी मी म्हणत होतो' म्हणणारे मात्र बरेच निघाले. तो राग अजून गेलेला नाही.

तुम्ही हातातलं तंबोऱ्याचं काम बाजूला ठेवून एवढंच विचारलंत, "पोरं किती? खाली बसतील ना?"

सांगलीहून मिरज ती किती लांब! २०२४ साली मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हा ती बातमी आम्ही अभिमानाने एकमेकांना पाठवली. पण सतारमेकर गल्लीत पोरांना घेऊन कोणी गेलं नाही. तुम्हीच सगळं घेऊन आलात. तंबोऱ्यासाठीचा मंगळवेढ्याकडचा तो वाळलेला भोपळा एवढा मोठा आणि इतका हलका कसा, म्हणून पोरं तो हातोहात फिरवत राहिली. शस्त्रांना धार लावणाऱ्या शिकलगारांचे हात तारांकडे कसे वळले, हे ऐकताना मागच्या रांगेतले बाबालोकही मोबाईल खाली ठेवून बसले होते.

पण माझ्या मनात राहिलंय ते वेगळंच. माझी लेक कडेला उभी होती. 'हात लावू नकोस, मोडशील' हे तिने घरी, शाळेत, माझ्याही तोंडून इतक्यांदा ऐकलंय की ती हात पाठीमागेच बांधून उभी राहते. तुम्ही तिला जवळ बसवलंत, तंबोऱ्याच्या घोडीवर, म्हणजे तारा टेकतात त्या पट्टीवर, तारेखालचा सुताचा धागा तिच्या चिमटीत दिलात. "ह्याला जीवा म्हणतात. सरकव हळूहळू. आवाज उघडला की तुलाच कळंल." तिने सरकवला. तार आधी बसकी वाजत होती, मग एकदम भरून आली, सगळा हॉल घुमला. तिने वळून माझ्याकडे पाहिलं.

नंतर संगीताच्या बाई गायला बसल्या. तुम्ही एकदा तरी तो धागा नीट कराल असं मला वाटलं होतं. उभा जन्म जवारी लावण्यात, म्हणजे तारांचा आवाज असा उघडण्यात गेलेला माणूस! तुम्ही हातही लावला नाहीत. "पोरीनं लावलाय, बरोबर आहे," म्हणालात, आणि बाई त्याच तंबोऱ्यावर गायल्या.

निघताना जास्त पैसे पुढे केले तर ठरले तेवढेच मोजून घेतलेत, बाकीचे परत दिलेत. शब्दाला जागणारी अशी माणसं आपल्या आसपास आहेत, म्हणून मुलांना चांगुलपणा शिकवताना जीभ अडखळत नाही.

लेकीने माझ्या शिवणाच्या डब्यातला पांढरा दोरा काढून घेतलाय. खिडकीच्या गजाला तार बांधून रोज काहीतरी सरकवत बसते. दिवाळीच्या सुट्टीत तिला तुमच्याकडे घेऊन येते. चालेल ना?

तुमची,
पाचवीतल्या त्या मुलीची आई
सांगली