पाणी किती, हे मोजले. कसे, याचे काय?

संपादक महोदय,

ग्रामीण भागातील भूजल उपशावर निर्बंध हवेत, असे सांगणारा आपला अग्रलेख वाचला. मागणी रास्तच आहे. पण लेखाचा सारा भर पाणी किती खोल गेले यावर आहे. ते पिण्याजोगे उरले आहे का, यावर एक ओळही नाही.

नायट्रेटचेच घ्या. शेतातली खते, उकिरडे, शोषखड्डे यांतून ते झिरपत विहिरीत उतरते. त्याला ना रंग, ना वास. पाणी उकळून पिणारी घरे निर्धास्त असतात. प्रत्यक्षात उकळल्याने नायट्रेट जात नाही, उलट पाणी आटून त्याचे प्रमाण वाढते. जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा लिटरमागे 50 मिलिग्रॅम आहे. त्यापलीकडे सर्वाधिक धोका बाटलीने दूध पिणाऱ्या तान्ह्या बाळांना, कारण त्यांच्या रक्ताची प्राणवायू वाहून नेण्याची क्षमताच घटते.

दुसरे, बंद पडलेल्या कूपनलिका. केसिंग पाइपच्या, म्हणजे बोअरमध्ये बसवलेल्या नळीच्या, तोंडावर दगड किंवा गोणपाट टाकले की काम संपले, अशी समजूत. मग मुसळधार पावसात गोठ्यातले पाणी मातीतून गाळले न जाता त्या भोकातून थेट खाली जाते. एकदा बिघडलेला जलधर, म्हणजे जमिनीखालचा पाणी धरून ठेवणारा थर, सुधारायला दशके लागू शकतात.

तेव्हा नव्या बोअरला परवानगी देताना जुनी नीट बुजवल्याचा दाखला आणि पाण्याचा तपासणी अहवाल, दोन्ही सक्तीचे करावेत. अहवाल कचेरीच्या फायलीत न राहता गावच्या फलकावर लागावा.

— एक वाचक