आफ्रिकेतल्या गोष्टींनाही लेखक असतात

संपादक महोदय,

रविवारच्या बालपुरवणीत ससा आणि हत्तीची गोष्ट वाचली. गोष्ट छान होती, नातवाने दोनदा वाचून घेतली. खाली मात्र एवढंच छापलं होतं : 'आफ्रिकन लोककथा'. कुठल्या देशातली, कुठल्या भाषेतली, कुणी लिहून काढली, याचा पत्ता नाही. आफ्रिकेत 54 देश आहेत. कोकणातल्या वेताळाची गोष्ट कुणी 'आशियाई लोककथा' म्हणून छापली, तर आपल्याला ते चालेल का? तिथे मुलांसाठी लिहिणारे फार मोठे लेखक आहेत. ते आपल्या मुलांपर्यंत नावानिशी पोचावेत, म्हणून हे पत्र.

मी जिल्हा परिषदेच्या शाळांत एकतीस वर्षं शिकवलं, त्यातली शेवटची अकरा दापोली तालुक्यातल्या खाडीकाठच्या दोनशिक्षकी शाळेत. माझा भाचा बोटीवर असतो. एकदा त्याची बोट घानाच्या टेमा बंदराला लागली होती, तेव्हा त्याने तिथली राजधानी अक्राहून माझ्यासाठी चित्रांचं एक पातळ पुस्तक आणलं, 'सोसूज कॉल'. लिहिणारे आणि चित्रं काढणारे एकच, मेशॅक असारे.

सोसूला चालता येत नाही. एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला खाऱ्या पाण्याचं सरोवर आणि मधल्या चिंचोळ्या पट्टीवर त्याचं गाव. बाप एकदा त्याला होडीतून नेतो, तर बाकीचे मच्छीमार बजावतात की या पोराला पाण्यावर आणू नकोस, अपशकुन होतो. मग सोसू घरीच, सोबतीला फुसा नावाचा कुत्रा. एक दिवस मोठी माणसं कामाला गेलेली असताना समुद्र खवळतो. गावात उरलेली असतात म्हातारी, आजारी माणसं आणि लहान पोरं. सोसू फुसाच्या सोबतीने सरपटत गावप्रमुखाच्या ढोलापर्यंत पोचतो आणि ढोल बडवत सुटतो. तो आवाज ऐकून माणसं धावत परततात, सगळ्यांना सुखरूप बाहेर काढतात.

तिसरी-चौथी एकत्र बसवून मी ही गोष्ट सांगितली. चौथीत एक मुलगा होता. दहा वर्षांचा झाला तरी त्याची आई त्याला पाठुंगळी घेऊन पाखाडी उतरायची आणि शाळेत सोडायची. शेवटी सोसूला चाकांची खुर्ची मिळते, तो शाळेत जायला लागतो, तेव्हा पोरांनी टाळ्या वाजवल्या. हा एकटा गप्प. मग म्हणाला, "बाई, वाळूत चाकं रुतत नाय?" मला उत्तर देता आलं नाही. त्याने पुस्तक मागून घेतलं आणि मधली सुट्टी संपेपर्यंत एकेक चित्र बघत बसला. दुसऱ्या दिवशी त्याची आई विचारत होती, "बाई, ह्यो सोसू कोन? रात्रभर पत्र्याचा डबा बडवत होता." माझ्या नोकरीत एखाद्या पुस्तकाने इतक्या सरळ कुणाला हाक मारलेली मी दुसऱ्यांदा पाहिली नाही.

हे पुस्तक 1997 मध्ये अक्रातच छापलं गेलं. 1999 मध्ये त्याला बालकुमार साहित्यासाठीचं युनेस्कोचं पहिल्या क्रमांकाचं पारितोषिक मिळालं आणि 2002 मध्ये आफ्रिकेतल्या विसाव्या शतकातल्या शंभर उत्तम पुस्तकांच्या यादीत ते आलं. बालसाहित्यासाठी अमेरिकेत दिला जाणारा एनएसके न्यूस्टाट पुरस्कार 2015 मध्ये असारे यांना मिळाला. तो मिळवणारे ते पहिले आफ्रिकन लेखक.

असे आणखी किती तरी आहेत. नायजेरियात जन्मलेल्या अटिनुके यांच्या एका पुस्तकात खेड्यातली गुरांची गाडी मोडते, तेव्हा बंद पडलेल्या टोयोटा कोरोलालाच गुरं जुंपतात. आमच्या वाडीतली पोरं हे ऐकून लोळली असती! दक्षिण आफ्रिकेच्या बेव्हर्ली नायडू यांनी आजारी बहिणीसाठी जोहान्सबर्गला आईला शोधायला निघालेल्या दोन भावंडांची गोष्ट 1985 मध्ये लिहिली, तर त्यांच्याच देशात तिच्यावर 1991 पर्यंत बंदी होती. पुढे दुसऱ्या पुस्तकासाठी त्यांना बालसाहित्यासाठीचं ब्रिटनचं कार्नेगी पदक मिळालं. घानातून 2008 मध्ये सुरू झालेलं गोल्डन बाओबाब पारितोषिक तर मुलांसाठी लिहिणाऱ्या आफ्रिकन लेखकांसाठीच आहे.

पुरवणीला गोष्टी मिळवणं अवघड नाही. प्रथम बुक्स या संस्थेच्या स्टोरीविव्हर या संकेतस्थळावर आफ्रिकन स्टोरीबुक प्रकल्पातल्या गोष्टी आहेत, काही मराठीतही. त्या छापायला पैसे पडत नाहीत. मुख्य अट ही, की लेखकाचं, चित्रकाराचं आणि अनुवादकाचं नाव द्यायचं. येत्या रविवारपासून गोष्टीखाली देश, भाषा आणि नाव ठळक छापावं, ही कळकळीची विनंती. लोककथा असेल तर ती सांगणाऱ्याचं किंवा लिहून काढणाऱ्याचं नाव द्यावं.

आणि एखादे प्रकाशक रीतसर परवानगी घेऊन सोसूची गोष्ट मराठीत आणणार असतील, तर माझी प्रत मी पोस्टाने पाठवीन. पानं हाताळून मऊ झाली आहेत, ढोलाच्या चित्राचं पान सुटलं होतं ते खळीने चिकटवलं आहे. वाचता मात्र सगळं येतं.

– एक निवृत्त प्राथमिक शिक्षिका, दापोली (जि. रत्नागिरी)