दूरस्थ नोकरी आणि व्हिसा: लेकीस पत्र

चि. मुक्तास अनेक आशीर्वाद.

परदेशी कंपनीचे काम लॅपटॉपवरूनच करायचे असल्यामुळे आता कोणत्याही देशात जाऊन राहता येईल, असे तू फोनवर म्हणालीस. तुझा आनंद मला समजतो, पण एक गोष्ट आधी लक्षात घे. पगार कोणत्या देशातून येतो यापेक्षा काम करताना तू कोणत्या देशात बसली आहेस, हे तिथल्या कायद्याच्या दृष्टीने अधिक महत्त्वाचे असते.

पर्यटक व्हिसावर जाऊन गुपचूप काम करण्याचा विचार मनातून काढून टाक. तरुणपणी मी कार्यालयाच्या कामासाठी चुकीच्या व्हिसावर परदेशी गेलो होतो. विमानतळावर अधिकाऱ्याने कामाचे स्वरूप विचारले, तेव्हा उत्तर देताना माझी जी अवस्था झाली ती तुझी होऊ नये, असे मला मनापासून वाटते. ब्रिटनने 31 जानेवारी 2024 पासून आणि न्यूझीलंडने 27 जानेवारी 2025 पासून अभ्यागत व्हिसावर परदेशी मालकासाठी दूरस्थ काम करण्याची मुभा दिली आहे, मात्र ब्रिटनमध्ये ते काम भेटीचा मुख्य उद्देश असता कामा नये. ही मुभा सगळीकडे असेल असे गृहीत धरू नकोस.

दीर्घ मुक्कामासाठी ‘डिजिटल नोमॅड’ व्हिसा, म्हणजे परदेशी कंपनीचे काम दुरून करत त्या देशात राहण्याची परवानगी, हाच सरळ मार्ग आहे. एस्टोनियाने तो ऑगस्ट 2020 मध्ये सुरू केला आणि त्यावर वर्षभर राहता येते. पोर्तुगाल तिथल्या किमान वेतनाच्या चौपट उत्पन्न मागतो, तर स्पेन दुप्पट. जपानचा व्हिसा केवळ सहा महिन्यांचा असून वाढवून मिळत नाही, शिवाय त्यासाठी वार्षिक एक कोटी येन उत्पन्न लागते आणि तो ठरावीक देशांच्या नागरिकांनाच मिळतो. थायलंडचा व्हिसा पाच वर्षांचा असला, तरी एका वेळच्या मुक्कामाची मर्यादा 180 दिवसांची आहे.

माझा कल स्पेनकडे आहे, कारण तिथला परवाना नूतनीकरण करता येतो आणि पुढे दीर्घकालीन वास्तव्याची वाट मोकळी राहते. मात्र कंपनी किमान एक वर्ष जुनी असावी, तिच्याकडे तुझी किमान तीन महिने नोकरी झालेली असावी आणि पदवी किंवा तीन वर्षांचा अनुभव असावा, अशा अटी आहेत. म्हणजे आत्ताच अर्ज करण्याची घाई उपयोगाची नाही. तुझे तीन महिने आधी पुरे होऊ देत. सामाजिक सुरक्षेच्या वर्गणीचा (निवृत्तिवेतन, आजारपण अशांसाठी पगारामागे भरायच्या रकमेचा) प्रश्नही तिथे कसोशीने विचारला जातो आणि त्याचे उत्तर तुला एकटीला देता येणार नाही, त्यात कंपनीची साथ लागेल.

व्हिसा मिळाला म्हणजे कराचा प्रश्न सुटला, असे समजू नकोस. अनेक देशांत वर्षातून 183 दिवसांहून अधिक मुक्काम झाला की तू तिथली करनिवासी, म्हणजे कराच्या दृष्टीने तिथली रहिवासी, ठरतेस आणि मग सगळ्या उत्पन्नाचा हिशेब द्यावा लागू शकतो. क्रोएशियासारखा देश अशा व्हिसाधारकांना दूरस्थ कामाच्या पगारावर आयकर लावत नाही, पण तो अपवाद आहे. कंपनीलाही स्वतःची एक धास्ती असते: तू तिथे राहून तिच्या वतीने करार करू लागलीस, तर तिचे त्या देशात कायमचे आस्थापन, म्हणजे कर लागू होईल असे व्यवसायाचे ठिकाण, आहे असे तिथले कर खाते मानू शकते. म्हणूनच कित्येक कंपन्या परवानगी देताना कचरतात. त्याचा राग मानू नकोस.

कंपनीने एखाद्या स्थानिक मध्यस्थ संस्थेमार्फत पगार देण्याचे सुचवले, तर थांबून विचार कर. तशाने तुझा मालक स्थानिक ठरतो आणि नोमॅड व्हिसाऐवजी नेहमीचा कामाचा परवाना लागू शकतो.

कंपनीकडून लेखी पत्र माग. त्यात तुझे पद, पगार, नोकरीची सुरुवात आणि कोणत्या देशातून, किती काळ काम करण्यास संमती आहे, हे स्पष्ट लिहिलेले असावे. ते पत्र हाती येईपर्यंत तिकीट काढू नकोस, आणि आले की त्याची प्रत मला पाठव. मी ते ओळीने ओळ वाचून तुला कळवीन.

तुझे बाबा