इन्फ्रारेड रोधक फिल्टर नसलेले रंग-सेन्सर पुरवल्याबाबत तक्रार

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग

महोदय,

आपल्याकडून मागवलेल्या फोटोडायोड (पडलेल्या प्रकाशाचे विद्युत संकेतात रूपांतर करणारा घटक) वापरून रंग मोजणाऱ्या रंग-सेन्सर मॉड्यूलच्या माहितीपत्रकात ‘इन्फ्रारेड रोधक फिल्टरसह’ असे स्पष्ट छापलेले असताना, हाती आलेल्या एकाही मॉड्यूलवर तो फिल्टर, म्हणजे डोळ्याला न दिसणारा इन्फ्रारेड प्रकाश अडवणारा थर, नाही. आपल्या तांत्रिक विभागाने ‘तपासणीत दोष आढळला नाही’ एवढ्या एका ओळीत माझी तक्रार निकाली काढली, म्हणून हे सविस्तर पत्र लिहावे लागत आहे.

सिलिकॉनचा फोटोडायोड साधारणपणे 400 ते 1100 नॅनोमीटर तरंगलांबीच्या प्रकाशाला प्रतिसाद देतो आणि त्याची संवेदनक्षमता 900 नॅनोमीटरच्या आसपास, म्हणजे माणसाच्या डोळ्याला काहीच दिसत नाही अशा इन्फ्रारेड पट्ट्यात, सर्वाधिक असते. त्यावरचे लाल, हिरवे व निळे थर दृश्य प्रकाशाची विभागणी करतात. इन्फ्रारेड मात्र या मॉड्यूलमध्ये तिन्ही थरांतून आरपार जातो. अंधाऱ्या खोलीत सेन्सरसमोर टीव्हीचा रिमोट धरून बटण दाबले, की तिन्ही रंगांचे आकडे एकदम उसळतात. रिमोटचा प्रकाश सहसा 940 नॅनोमीटरच्या आसपासचा असतो, त्यामुळे फिल्टर असता तर आकडे जवळपास जागचे हललेही नसते. ही तपासणी आपल्याकडेही मिनिटभरात होईल.

भाताला युरियाचा पुढचा हप्ता द्यावा की थांबावे, हे पानाच्या हिरवेपणावरून सांगणारे छोटे उपकरण मी आजरा परिसरातील शेतकऱ्यांसाठी तयार करत आहे. हिरवे पान लाल व निळा प्रकाश शोषून घेते, पण 700 नॅनोमीटरच्या पुढचा, म्हणजे इन्फ्रारेड, प्रकाश फार मोठ्या प्रमाणात परावर्तित करते. त्यामुळे उन्हात धरल्यावर गर्द हिरवे आणि पिवळट पान यांच्या आकड्यांत भरवसा ठेवावा असा फरकच उरत नाही. पांढऱ्या एलईडीच्या उजेडात मॉड्यूल ठीक चालते, कारण त्या उजेडात इन्फ्रारेड जवळजवळ नसतो. आपली तपासणी अशाच दिव्याखाली झाली असावी, असे मला वाटते. चुकीच्या आकड्यावर विसंबून शेतकऱ्याने खत टाकले किंवा रोखले, तर नुकसान त्याच्या पिकाचे होणार आहे, आणि ते मला मान्य नाही.

आपल्या प्रतिनिधींनी फोनवर सुचवलेला, प्रोग्राममध्ये ठरावीक आकडा वजा करण्याचा उपाय येथे लागू पडत नाही. उन्हातील, ढगाळ हवेतील आणि साध्या बल्बच्या उजेडातील इन्फ्रारेडचे प्रमाण वेगवेगळे असते. ते स्वतंत्रपणे मोजल्याशिवाय किती वजा करायचे हे कळणार कसे?

तरी पत्र मिळाल्यापासून 15 दिवसांत सर्व मॉड्यूल फिल्टरसह बदलून द्यावीत किंवा वाहतूक खर्चासह पूर्ण रक्कम परत करावी. तसेच माहितीपत्रकातील मजकूर तातडीने दुरुस्त करून, याच मालाचे ग्राहक असलेल्या इतरांनाही तसे लेखी कळवावे. बिलाची प्रत, माहितीपत्रकाचे संबंधित पान आणि रिमोटच्या तपासणीचे चित्रीकरण सोबत पाठवत आहे.

आपला विश्वासू,
एक ग्राहक
आजरा, जि. कोल्हापूर