वयाच्या खात्रीसाठी ओळखपत्र कशाला?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

इंटरनेट वापरणाऱ्याच्या वयाची खातरजमा कायद्याने सक्तीची करण्याकडे अनेक देशांचा कल वाढत आहे. ब्रिटनच्या ऑनलाइन सुरक्षा कायद्यानुसार २५ जुलै २०२५ पासून अश्लील मजकूर दाखवणाऱ्या संकेतस्थळांना वयाची कडक तपासणी करावी लागते, तर ऑस्ट्रेलियाने १० डिसेंबर २०२५ पासून सोळा वर्षांखालील मुलांना प्रमुख समाजमाध्यमांवर खाते ठेवण्यास मनाई केली आहे. अमेरिकेत युटा आणि टेक्सास या राज्यांनी २०२५ मध्ये ही जबाबदारी ॲप स्टोअरवर टाकणारे कायदे संमत केले. कॅलिफोर्निया त्याहून खोलवर गेले असून १ जानेवारी २०२७ पासून लागू व्हायच्या तिथल्या कायद्याने वय विचारण्याचे काम थेट ऑपरेटिंग सिस्टीमकडे, म्हणजे फोन किंवा संगणक चालवणाऱ्या मूळ प्रणालीकडे, सोपवले आहे. म्हणजे जी तपासणी कालपरवापर्यंत एखाद्या संकेतस्थळाच्या दारात होत होती, ती आता फोनच्या गाभ्यापर्यंत येऊ लागली आहे. या बदलाचा खासगीपणावर काय परिणाम होईल याची चर्चा फारच कमी होते, म्हणून हे पत्र लिहीत आहे.

मुलांना होणारा त्रास खरा आहे, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. अनोळखी प्रौढांचे संदेश, वयाला न झेपणारी दृश्ये आणि रात्र-रात्र जागवणारे व्हिडिओ यांनी हैराण झालेल्या पालकांची चिंता कोणीही हलक्यात घेऊ नये. पण मुलांना वेगळे काढायचे तर आधी प्रत्येकाला तपासावे लागते. अल्पवयीनांसाठी केलेला नियम त्यामुळे व्यवहारात सर्व प्रौढांना आपण प्रौढ असल्याचे सिद्ध करायला लावतो, आणि ते कसे सिद्ध करायचे यावरच सारे अवलंबून राहते.

यासाठी सध्या प्रामुख्याने तीन मार्ग वापरले जातात. पहिला म्हणजे स्वतःच वय सांगणे, दुसरा चेहऱ्यावरून वयाचा अंदाज घेणे आणि तिसरा सरकारी ओळखपत्राचा फोटो पाठवणे. यातला चेहऱ्याचा मार्ग सर्वांत निरुपद्रवी म्हणून पुढे केला जातो, कारण सेल्फी तपासून लगेच पुसून टाकली जाते असे सांगितले जाते. परंतु हा अंदाज काही वर्षांनी मागेपुढे होतोच. अमेरिकेच्या राष्ट्रीय मानक व तंत्रज्ञान संस्थेने २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या चाचण्यांत असे दिसले की ही चूक फोटोच्या दर्जानुसार, वयानुसार आणि जन्मप्रदेशानुसार बदलते आणि स्त्रियांच्या चेहऱ्यांबाबत ती बहुतेक वेळा अधिक असते. साहजिकच एकोणीस-वीस वर्षांच्या एखाद्या तरुणीला यंत्र अल्पवयीन ठरवते, तिला दाद मागायची असते आणि दाद मागण्यासाठी तिच्याकडून ओळखपत्राचा फोटो मागितला जातो. चेहऱ्यापासून सुरू झालेली वाट अशी फिरून ओळखपत्रापाशीच येते.

त्या फोटोचे पुढे काय होते, हे ऑक्टोबर २०२५ मध्ये जगाने पाहिले. डिस्कॉर्ड या संवाद-मंचाने जाहीर केले की ग्राहकसेवेचे काम पाहणाऱ्या बाहेरच्या कंत्राटदाराकडून सुमारे ७० हजार वापरकर्त्यांच्या ओळखपत्रांचे फोटो उघड झाले असावेत. वयाबाबतच्या निर्णयाविरुद्ध दाद मागणाऱ्यांनी पाठवलेली ही कागदपत्रे होती. नियम पाळणाऱ्या, आपले म्हणणे रीतसर मांडणाऱ्या माणसांचेच नुकसान झाले. पासवर्ड फुटला तर बदलता येतो. जन्मतारीख आणि चेहरा बदलता येत नाही. दुसरीकडे ब्रिटनमध्ये तपासणी सुरू होताच व्हीपीएन ॲप्स, म्हणजे आपण दुसऱ्याच देशातून इंटरनेट वापरत आहोत असे भासवणारी ॲप्स, डाउनलोडच्या यादीत वर चढली. ज्याला नियमातून निसटायचे आहे तो निसटतो आणि सरळ माणूस आपली कागदपत्रे देऊन बसतो, असा हा व्यवहार आहे.

दक्षिण कोरियाचा अनुभव तर याहून जुना आणि मोठा आहे. द्वेषपूर्ण प्रतिक्रियांना आळा घालावा या हेतूने तिथे २००७ पासून मोठ्या संकेतस्थळांवर लिहिणाऱ्यांची खरी ओळख तपासणे सक्तीचे झाले आणि नागरिकांचे नोंदणी क्रमांक खासगी कंपन्यांकडे साठत गेले. जुलै २०११ मध्ये ‘नेट’ (Nate) आणि ‘सायवर्ल्ड’ या तिथल्या लोकप्रिय ऑनलाइन सेवांवर सायबरहल्ला झाला आणि साडेतीन कोटी वापरकर्त्यांची माहिती चोरीला गेली. देशाची लोकसंख्याच जेमतेम पाच कोटी होती. पुढच्या वर्षी, ऑगस्ट २०१२ मध्ये, तिथल्या घटनात्मक न्यायालयाने ही सक्ती एकमताने घटनाबाह्य ठरवली. हेतू चांगला असूनही साठवलेल्या माहितीचा धोका टळत नाही, हे इतक्या स्पष्टपणे दिसल्यानंतरही तोच रस्ता पुन्हा धरला जावा याचे मला फार वाईट वाटते.

तपासणी फोनमध्येच झाली की हा धोका आणखी वाढतो. एखादे संकेतस्थळ ओळखपत्र मागू लागले तर आपण तिथून निघून जाऊ शकतो, फोनपासून मात्र कुठे जाणार? बँक, डॉक्टरांशी बोलणे, नोकरीचा अर्ज, पत्रकाराला दिलेली माहिती, सारे त्याच उपकरणातून होते, आणि त्या उपकरणाला एकदा सरकारी ओळख जोडली गेली की निनावी राहण्याचा हक्क कागदावरच उरतो. कॅलिफोर्नियाच्या कायद्यात ओळखपत्राची अट नाही, खाते उघडताना दिलेल्या वयावरून केवळ चारपैकी एक वयोगट ॲपला कळवायचा आहे. ही त्यातली जमेची बाजू आहे आणि ती मान्य केली पाहिजे. तरीही फोन लहान मुलाच्या हातात आहे हे एखाद्या क्षुल्लक गेमच्या ॲपलाही कळणार, ही बाब पालकांनी विचारात घ्यावी. शिवाय ऑपरेटिंग सिस्टीम बनवणाऱ्याची त्या कायद्यातली व्याख्या इतकी व्यापक आहे की स्वयंसेवकांनी मिळून तयार केलेल्या, कोणालाही वापरता आणि बदलता येणाऱ्या मुक्त प्रणालीही तिच्या कक्षेत येऊ शकतात. मुले खोटे वय टाकतात अशी तक्रार उद्या होईल आणि त्यावर उपाय म्हणून ओळखपत्राची मागणी येईल, ही माझी खरी भीती आहे.

ज्यांच्याकडे वैध कागदपत्रे नाहीत किंवा ज्या घरात एकच फोन सगळे वापरतात, त्यांची अडचण उघड आहे. त्याहून गंभीर प्रश्न त्या मुलीचा आहे, जिला घरातच मारहाण होते आणि जी मदत कुठे मिळेल हे फोनवर शोधते आहे. ती अल्पवयीन ठरल्यामुळे त्यासाठी तिला पालकांची संमती लागणार असेल, तर जो मारतो त्याचीच परवानगी तिने मागायची काय?

वय सिद्ध करावे लागणारच असेल, तर ओळख न सांगता ते करता येते. युरोपीय आयोगाने जुलै २०२५ मध्ये मांडलेल्या ॲपच्या आराखड्यात संकेतस्थळाला ‘अठरा वर्षे पूर्ण’ एवढेच कळावे, नाव किंवा जन्मतारीख कळू नये अशी कल्पना आहे. ऑस्ट्रेलियाच्या कायद्यानेही सरकारी ओळखपत्र हा एकमेव मार्ग ठेवण्यास बंदी घातली असून वयासाठी गोळा केलेली माहिती काम झाल्यावर नष्ट करणे बंधनकारक केले आहे. त्याहीपेक्षा मला महत्त्वाचे वाटते ते असे की मुलांना अपाय करणाऱ्या बऱ्याच गोष्टी वय न विचारताही थांबवता येतील. आपोआप सुरू होणारे व्हिडिओ, कितीही सरकवली तरी न संपणारी पोस्टची रांग, अनोळखी व्यक्तींना खुले असलेले संदेश आणि पाळत ठेवून दाखवलेल्या जाहिराती या सुरुवातीपासूनच सर्वांसाठी बंद ठेवल्या आणि ज्याला हव्या त्याने स्वतः सुरू कराव्यात असे ठरवले, तर त्यासाठी कोणाचाही चेहरा तपासावा लागणार नाही. हे ओझे कंपन्यांवर पडेल, आणि ते त्यांच्यावरच पडायला हवे.

म्हणून जिथे जिथे असे कायदे होऊ घातले आहेत, तिथल्या कायदेमंडळांनी ओळखपत्र साठवण्यास पूर्ण मनाई, ओळखपत्राशिवाय चालणारा किमान एक मार्ग, चुकीच्या निर्णयाविरुद्ध माणसाकडे दाद मागण्याची सोय आणि माहिती फुटल्यास थेट कंपनीवर दंड, या तरतुदी मूळ कायद्यातच घालाव्यात. त्या नंतर होणाऱ्या नियमांवर सोडू नयेत.

आपला विश्वासू,
एक वाचक