चलन आम्हाला, गाडी भलत्याचीच

संपादक साहेब,

गेल्या महिन्यात सिग्नल तोडला म्हणून ई-चलन आलं, फोटो उघडून बघतो तर पांढरी स्कूटर, आणि आमची आहे काळी स्प्लेंडर, कॅमेऱ्याने नंबरातल्या 3 चा 8 केलेला! शेजारचे काका म्हणाले भरून टाक रे, कोण भांडत बसणार. मी नाही भरलं. ई-चलनाच्या ॲपवर आरसी आणि गाडीचा फोटो जोडून तक्रार टाकली, थोडे दिवस गेले पण चलन रद्द झालं. 2021 मध्ये केंद्राने नियमच केला की नोटीस 15 दिवसांत पाठवायची, फोटोसकट, तेव्हा आधी झूम करून नंबरप्लेट बघा. आणि हो, व्हॉट्सॲपवर चलनाच्या नावाने एपीके फाईल (फोनमध्ये ॲप टाकणारी) आली तर उघडूच नका, खातं साफ होतं.

– एक दुचाकीवाला, पुणे